बिल्ल्यावरचा शब्द

बिल्ले कय्युम मिस्त्रीने स्वतःच्या हातांनी केले होते. पुढे जे झालं त्यात त्याला सगळ्यांत जास्त राग याच गोष्टीचा आला.

रॉकेलचे रिकामे डबे कापून त्याने पत्रा सरळ केला, चोवीस गोल चकत्या काढल्या, बायकांची लुगडी फाटू नयेत म्हणून कडा कानशीने घासल्या आणि छिन्नीने एकेक अक्षर ठोकून त्यात काळा रंग भरला. वर 'रोबोट', खाली आकडा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. अक्षरं एका ओळीत, सारख्या उंचीची उतरली होती. शेजारी रजईला टाके घालत बसलेल्या मेहरुन्निसाने एक चकती उचलून उलटसुलट पाहिली.

"हाई कोन्हं नाव शे?"

"नाव नही. विलायतना शब्द शे. लोखंडना मानूस."

"मंग बायासले कसाले?"

"पाटीलले आवडना," कय्युम म्हणाला, आणि पुढची चकती हातात घेतली. बायकोच्या प्रश्नावर आपण एवढाही विचार केला नाही, हे त्याला आठवडाभराने आठवलं.

हे १९३६ सालच्या कपाशीच्या हंगामातलं. नंदुरबारच्या वेशीबाहेर, कोरीटच्या रस्त्यावर नवल पाटलांचं जिनिंग होतं. पाटील मूळचे ब्राह्मणपुरीचे, तिकडे त्यांची बागायत होती. पण मॅट्रिक होऊन पुण्याला दीड वर्ष कॉलेजात काढलेल्या माणसाला नांगरामागे चालणं जमेना, म्हणून त्यांनी बाप गेल्यावर हा कारखाना घातला. वय पस्तीस. मुंबईची दोन वर्तमानपत्रं टपालाने यायची आणि पाटील ती जाहिरातींसकट वाचायचे. त्यांतच त्यांना तो शब्द सापडला. परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनात एक लोखंडी माणूस उभा केला होता, तो हात उचलायचा, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा.

"त्याला रोबोट म्हणतात, मिस्त्री," पाटलांनी कय्युमला कचेरीत बोलावून सांगितलं होतं. "इंग्रज रोबोट म्हणतो, जर्मन रोबोट म्हणतो, फ्रेंचही रोबोटच म्हणतो. एरवी एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, पण या शब्दावर सगळ्या युरोपाचं एकमत. आपल्याकडे नवं इंजिन येतंय. तर माणसंही नव्या पद्धतीची हवीत. हजेरीला रेवा, दिवली, झिपरी, यातली कुठली झिपरी, हा घोळ नको. रोबोट एक, रोबोट दोन. कसं?"

कय्युमने मान डोलावली होती. त्याला पाटलांचं नवं नवं वेड एरवी आवडायचं. तो पिंजाऱ्याच्या घरातला. बाप धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरला. कय्युम मात्र पहिल्या लढाईत फिटरांबरोबर बसऱ्याला गेला, तीन वर्षं गोऱ्या सार्जंटांच्या हाताखाली इंजिनं दुरुस्त केली आणि मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन परत आला. लोखंडातलं काही नवीन निघालं की त्याचे कान टवकारायचे.

जिनिंगमध्ये चोवीस रेचे होते. रेचा कपाशीतून सरकी वेगळी काढतो आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी राहून त्याला मूठ मूठ कपास भरवते. सगळ्या बाया तोंडाला फडकं बांधायच्या, तरी संध्याकाळपर्यंत भुवया, पापण्या, नाकपुड्या रुईच्या तुसाने पांढऱ्या व्हायच्या. जुनं वाफेचं इंजिन दिवसातून चार वेळा बंद पडून बसायचं. ते बसलं की बाया टाकीवर पाणी प्यायच्या, शेडच्या टोकाला खांबांना झोळ्या बांधलेल्या होत्या तिथे जाऊन पोरांना पाजायच्या. इंजिनच्या आजारपणावर त्यांची विश्रांती चालली होती. नवं तेलाचं इंजिन असं बंद पडणार नव्हतं.

ते बसवायला मुंबईच्या पेढीने एक फिटर पाठवला होता. उंच, खांदे पडलेला, चाळिशीचा माणूस. नाव व्होंद्रा. सगळे साहेब म्हणायचे आणि तो दर वेळी सांगायचा की मी साहेब नाही आणि इंग्रजही नाही, मी चेक आहे. चेक म्हणजे काय ते कुणाला कळायचं नाही. इंजिनघराशेजारच्या खोलीत तो राहायचा आणि कय्युमच्या घरून आलेली भाकरी मिरचीच्या ठेच्यासकट खायचा. कय्युमला तो आवडला होता. नट आवळताना तो घाई करत नसे.

बिल्ले वाटले त्या सकाळी व्होंद्रा टाकीवर हात धूत होता. मुनीम फाटकाशी उभा राहून हजेरी घेत होता. "रोबोट एक." "शे." "रोबोट दोन." "शे." व्होंद्राने नळ तसाच सोडला आणि वळून पाहिलं.

"तो काय ओरडतोय?" त्याने कय्युमला विचारलं.

कय्युमने मोठ्या उत्साहाने सांगितलं. लोखंडी माणूस, प्रदर्शन, चोवीस बिल्ले, आणि हो, बिल्ले मीच केले. व्होंद्राने नळ बंद केला आणि तो इंजिनघरात गेला. दुपारी भाकरी खायला बसल्यावर त्याने विचारलं, "हा शब्द कुठला ते तुझ्या मालकाला माहीत आहे?"

"इंग्रजीच असेल."

"इंग्रजी नाही. माझा आहे. माझ्या आजीचा." भाकरीचा तुकडा त्याने खाली ठेवला. "आमच्याकडे जमीन उमरावांची होती. आठवड्यातले तीन दिवस शेतकऱ्याने उमरावाच्या शेतावर फुकट काम करायचं. आपला बैल, आपला विळा, आपली भाकरी. त्या कामाला आम्ही म्हणायचो रोबोता. उमरावाच्या जर्मन कारकुनांनी कागदांवर लिहिलं, रोबोट. आजी दहा वर्षांची असताना ते कायद्याने बंद झालं. पण तिने पाहिलं होतं. पावसाचे ढग आलेले, स्वतःच्या शेतात राय नावाचं धान्य कापणीला आलेलं, आणि तिची आई उमरावाच्या शेतात पेंढ्या बांधतेय. घरचं पीक भिजून कुजलं. त्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ गेला."

कय्युमने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"रशियन लोकांत तोच शब्द साध्या कामासाठी आहे," व्होंद्रा म्हणाला. "आमच्याकडे 'रोब' म्हणजे गुलाम. लढाईनंतर आमच्याच एका लेखकाने नाटक लिहिलं, त्यात कारखान्यात बनवलेली माणसं होती, त्यांना त्याने रोबोट नाव दिलं. नाटक सगळीकडे गेलं, शब्द सगळीकडे गेला. आजी मागे राहिली."

टाकीवर रेवाबाई पाणी प्यायला आली होती. साठीची, चोवीस बायांत सगळ्यांत जुनी, कोरीटकडच्या भिल्लांच्या वस्तीतली, भिलाटीतली. पदराने तोंड पुसत ती स्वतःशीच पुटपुटली, "राबी राबी हाडं गयात."

व्होंद्राने चटकन कय्युमकडे पाहिलं. "ती काय म्हणाली? राबी?"

"राबणं," कय्युम म्हणाला. "पुष्कळ काम करणं. ज्याचं फळ आपल्याला मिळत नाही असं काम."

व्होंद्रा त्या म्हातारीकडे वळून पाहू लागला. तोच शब्द आहे का, असं कय्युमने विचारलं. मला ठाऊक नाही, मी फिटर आहे, असं म्हणून तो उठला.

कय्युमने बायांना काही सांगितलं नाही. चार दिवस त्याने तो शब्द पोटात ठेवला. रोज सकाळी मुनीम हाक मारायचा, बाया "शे" म्हणायच्या आणि त्याला कानाखाली बसल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी तो पाटलांच्या कचेरीत गेला आणि ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. पाटील शांतपणे ऐकून घेऊन हसले.

"मिस्त्री, शब्दाचा आजा कोण होता ते कोण विचारतं? आज त्याचा अर्थ काय, ते धरायचं. आज त्याचा अर्थ आहे न थकणारं यंत्र. यात कमीपणा कसला?"

"बाया यंत्र नाहीत, पाटील."

"म्हणून तर बिल्ला लागतो," पाटील म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

शनिवारी नवं इंजिन सुरू झालं. रेचे पूर्वीच्या दीडपट वेगाने फिरू लागले. सकाळपासून इंजिन एकदाही बंद पडलं नाही. दहाच्या सुमाराला झोळीतलं पहिलं पोर रडलं, दिवलीबाई रेचा सोडून गेली आणि तिच्या रेच्यात कपास संपून रूळ नुसते एकमेकांवर घासू लागले. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. पाटील घड्याळ हातात धरून शेडच्या दारात उभे होते. दुपारी हुकूम निघाला. सोमवारपासून पोरं आत आणायची नाहीत. फाटकाबाहेर निंबाखाली ठेवायची. पाजायचं ते भोंग्याआधी आणि भोंग्यानंतर.

"भोंगा ते भोंगा साडेपाच तास, पाटील," कय्युम म्हणाला. "दिवलीबाईचं पोर चार महिन्यांचं आहे."

"घरी ठेवावं. रोबोटला पोर नसतं, मिस्त्री." आपल्या या बोलण्यावर पाटील स्वतःच खूश झाले आणि त्यांनी ते मुनीमाला पुन्हा ऐकवलं.

सोमवारी निंबाखाली सहा पोरं होती आणि त्यांच्याजवळ एक आंधळी म्हातारी. नऊपासून दिवलीबाईचं पोर रडत होतं. रेच्यांच्या खडखडाटात ते आत ऐकू यायचं नाही. पण इंजिनघराची खिडकी फाटकाकडे होती, कय्युमला ऐकू येत होतं. रडणं चढायचं, फाटायचं, थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. अकरा वाजता पट्टे बघायला तो शेडमध्ये गेला. सात नंबरच्या रेच्यापुढे दिवलीबाई कपास भरवत होती. तिची चोळी दुधाने पोटापर्यंत भिजली होती आणि त्या ओल्यावर रुईचं तूस चिकटून पांढरा थर झाला होता. मधोमध त्याचा बिल्ला. त्याची नेटकी अक्षरं. ती रडत नव्हती. दात आवळून मूठ पुढे, मूठ मागे करत होती.

कय्युम परत गेला आणि त्याने इंजिन बंद केलं.

व्होंद्रा तेलाचा डबा घेऊन उभा होता. त्याने डबा खाली ठेवला आणि तो बाजूला झाला. पट्टे सुसकारत थांबले, रेचे एकेक करून गप्प झाले, आणि मग त्या लांबलचक शेडमध्ये फाटकाबाहेरचं रडणं स्पष्ट ऐकू आलं. दिवलीबाई पळत सुटली.

"बायासवन, आयका," कय्युम शेडच्या मधोमध उभा राहून म्हणाला.  "तुम्हना छातीवर जो शब्द शे, तो मी लिखेल शे. माले त्याना अर्थ माहीत नव्हता. पाच-सहा दिवस व्हयनात, आते माहीत शे, तरी मी गप ऱ्हायनू. हाऊ साहेब शे ना, त्याना देशमा शेतकरीसले उमराव फुकट राबाडेत. आपला बैल लई, आपली भाकर लई. त्याले म्हनेत रोबोट. लोखंडना मानूस नंतर वना. आधी वेठ व्हती. हाऊ वेठना शब्द शे."

पुढच्या एका पोरीने विचारलं, "वेठ म्हंजे?" ती वीस वर्षांचीही नव्हती. तिला माहीत नव्हतं.

रेवाबाईला माहीत होतं. तिने रेच्याला टेकून फडकं तोंडावरून खाली ओढलं.

"वेठ म्हंजे मन्हा नवरा," ती म्हणाली. "साहेबना तंबू डोंगरवर जायेत. फौजदारना शिपाई येये, भिलाटीमा जो हाती लागी त्याले धरे. खाटा, पेट्या, साहेबनी आंघोळनी टीप, पत्रानं मोठं पिंप, कुत्राले बसाडानी पालखी. मन्हा नवराना डोकावर टीप दिधी. आमनी जवार खळामा पडेल व्हती. मी म्हनं, दोन दिन थांबा. शिपाईनी माले लाथ मारी. तोरणमाळना घाटमा तो पडना. टीपले पोचा वना म्हनीसन त्याले मारं. घर वना तो खाटलावरच. जवार पाखरे खाई गयात, तो पोष महिनामा गया." तिने गळ्यातल्या दोऱ्याला हिसडा दिला. दोरा तुटून बिल्ला हातात आला. "आनि मी सकाय सकाय उठीसन यालेच 'शे' म्हनस."

तिने तो जमिनीवर फेकला नाही. ती चालत इंजिनघराकडे आली आणि व्होंद्राच्या समोर उभी राहिली.

"कय्युमभाऊ, याले सांग. तुले तुन्ही आजी माहीत व्हती. शब्द माहीत व्हता. मंग हाऊ वाघ अठे कोन लई वना?" तिने इंजिनकडे बोट केलं. "पाटीलनी बिल्ला दिधा. रेचासले धाव तू दिधी."

कय्युमने शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. यातलं काही गाळावं असं त्याला वाटलं नाही. गोरा माणूस कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मी पगारी माणूस आहे. मला जिथे पाठवतात तिथे जातो." ते भाषांतर ऐकून रेवाबाई म्हणाली, "शिपाईबी हाईच म्हने," आणि वळून फाटकाबाहेर गेली. तिच्यामागोमाग बाकीच्या बावीस बाया गेल्या. बिल्ले मुनीमाच्या मेजावर ढीग करून ठेवले होते.

पाटील आले तेव्हा कपाशीच्या अकरा गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि निंबाखाली बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या. पाटलांनी कय्युमला कचेरीत बोलावलं. उभं राहूनच बोलले.

"तू माझं इंजिन बंद केलंस."

"हो."

"एका शब्दासाठी."

"पोरासाठी बंद केलं. शब्द नंतर सांगितला."

"तुझ्या त्या गोऱ्या हमालाच्या थापा आहेत सगळ्या. उद्या मी शिकलेला माणूस आणतो. शब्दाचा अर्थ काय ते तो सांगेल, सगळ्यांसमोर. मग बघू."

त्यांनी आणला तो माणूस म्हणजे उदेसिंग मास्तर. लोणखेड्याचे, नंदुरबारच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. पाटलांच्या धाकट्या भावाची शिकवणी त्यांच्याकडेच होती, त्यामुळे मास्तर आपल्या बाजूने बोलतील याची पाटलांना खात्री होती. मास्तर आले आणि त्यांनी आधी व्होंद्राशी बोलायचं आहे असं सांगितलं. दुपारभर दोघं इंजिनघराच्या पायरीवर बसले. व्होंद्राचा बाप गावात शाळामास्तर होता, त्याच्याकडून ऐकलेलं तो आठवून आठवून सांगत होता. उदेसिंग मास्तर वहीत लिहून घेत होते. कुठे अडलं की कय्युम मध्ये पडायचा. उठताना मास्तर म्हणाले, "पाटील, उद्या सकाळी सांगतो. कोश बघावा लागेल."

दुसऱ्या दिवशी ते काखेत विटेएवढा जाड कोश घेऊन आले. फाटकाशी बाया होत्या, गाडीवाले होते, दोन दिवसांपासून खोळंबलेले शेतकरी होते. पाटलांनी खुर्ची आणवली होती. मास्तर बसले नाहीत.

"आधी एक सांगतो," ते म्हणाले. "राबणे आणि रोबोट, कानाला सारखे लागतात, पण तेवढ्यावर नातं ठरत नाही. दोन माणसांचे चेहरे सारखे असले म्हणून ते भाऊ होत नाहीत. ते मी सिद्ध करू शकत नाही."

"ऐका," पाटील बायांकडे बघून म्हणाले.

"पण या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्या भाषेत रोबोता म्हणजे वेठ आणि रोब म्हणजे गुलाम. हा शब्द जर्मन भाषेतल्या 'काम' या अर्थाच्या शब्दाचा भाऊबंद आहे. लॅटिनमध्ये आणि ग्रीकमध्ये त्यांचा जो भाऊबंद आहे, त्याचा अर्थ पोरका. विद्वान असं मानतात की ज्या लेकराचं कुणी नाही ते दुसऱ्याच्या दारात कामाला लागतं. पोरका झाला चाकर, चाकर झाला गुलाम." त्यांनी कोशात खूण घातलेलं पान उघडलं. "आणि या घराण्यातला एक शब्द आपल्याकडेही आहे. संस्कृतात अर्भ. आपण म्हणतो अर्भक."

बायांच्यात कुजबुज झाली. कुणीतरी विचारलं, "ते काय ऱ्हास?"

"तान्हं पोर," कय्युम म्हणाला.

दिवलीबाई पुढेच उभी होती. तिने पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पाटील," ती म्हणाली, "तुम्हले हाई माहीत व्हतं का?"

पाटलांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ते मास्तरांना म्हणाले, "मी तुम्हाला अर्थ सांगायला आणलं होतं. भांडण लावायला नाही."

"अर्थच सांगितला, पाटील. याहून सोयीचा मला सापडला नाही."

"उद्यापासून शिकवणीला येऊ नका."

मास्तरांनी कोश मिटला, काखेत घेतला आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले.   

चिडलेल्या माणसाला पायाखालची वाट दिसत नाही असं म्हणावं, तर पाटलांच्या बाबतीत ते खोटं होतं. संध्याकाळपर्यंत सहा गाड्या वळून दुसऱ्या जिनिंगकडे गेल्या आणि पाटलांना वाट बरोबर दिसली. मुनीम निरोप घेऊन निंबाखाली आला. बिल्ल्यावर नुसता आकडा राहील. पोरं शेडच्या पडवीत ठेवायला हरकत नाही, सकाळी एकदा, दुपारी एकदा पाजायला जाता येईल. सगळ्यांनी उद्या कामावर यावं. मात्र रेवाबाई आणि कय्युम मिस्त्री यांना आत घेतलं जाणार नाही.

निरोप ऐकून सगळ्यांनी रेवाबाईकडे पाहिलं. मग दिवलीबाई म्हणाली, "रेवामाय नही तं मीबी नही."

रेवाबाई तिच्यावर अशी कडाडली की गाडीवाल्यांनी माना वळवल्या. "तू काय माले देवी बनाडस? घर काय शे तुन्हं? नवरा रेल्वेना कामवर गया तो वना का परत? पोरले काय पाजशी, मन्हं नाव? पडवी भेटनी ना? ती सोडानी नही. जाय. आनि कोनी पोरले परत भाईर काढं तं त्या दिनले उठी जाजो, त्या दिनले मन्ही वाट देखजो नको."

दिवलीबाई तोंडात पदर घालून रडायला लागली. रेवाबाईने तिला जवळ घेतलं नाही. ती रागाने दुसरीकडे पाहत बसली.

त्या संध्याकाळी कय्युम आपली हत्यारं घ्यायला इंजिनघरात गेला. व्होंद्रा एकटाच होता, इंजिनचा वेग धरून ठेवणारी कळ उघडून बसला होता. वेग कमी करायला त्याने ती फिरवून खाली आणली, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, मग तिच्यावर तांब्याची तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं.

"पेढीचं सील आहे," तो म्हणाला. "तोडलं तर मोडतोड झाल्यास पेढी जबाबदार नाही, असं मी कागदावर लिहून दिलंय. तुझा मालक कंजूष आहे. तोडणार नाही."

"ही तुमची माफी?" कय्युमने विचारलं. त्याला त्या माणसाबद्दल माया वाटत होती आणि तरीही त्याचा राग येत होता. एवढं सगळं कळणारा माणूस आधी का बोलला नाही? आणि आपण?

"माफी नाही," व्होंद्रा म्हणाला. "तीन फेऱ्या आहेत. मला एवढंच करता येतं." हात पुसून त्याने पुढे केला. कय्युमने तो हातात घेतला, पण लगेच सोडला. दोन दिवसांनी व्होंद्रा मुंबईच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तेव्हा कय्युम सवयीने रस्त्यावर येऊन उभा होता. रेवाबाई पण आली होती. बाया आत गेल्या, झोळ्या पडवीत बांधल्या गेल्या. इंजिन सुरू झालं. वेग कमी होता. कय्युमला ते ठोक्यावरून कळत होतं. त्याच्या जागी पाटलांनी प्रकाशा गावचा कुणी नवीन माणूस आणला होता आणि तो झटके देत पट्टा चढवत होता.  आपलं इंजिन असं दुसऱ्याच्या हातात ऐकणं त्याला सोसवेना.

"चाल," तो म्हणाला. "अठे उभं ऱ्हाईसन काय?"

"कोठे जाऊ?" रेवाबाई म्हणाली. ते विचारणं केविलवाणं नव्हतं. तिला खरोखर उत्तर हवं होतं, आणि ते देण्याची जबाबदारी त्याची आहे असं तिचं मत दिसत होतं.

कय्युमने विचार केला. "मन्ही बायको रजया भरस. थंडी पडनी, काम भलतं शे तिनाकडे. दोन हात कमी पडतस."

"मजुरी का वाटा?"

"वाटा."

"अर्धा?"

"तिसरा. कापूस तिना शे."

रेवाबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पाटीलच समोर उभा होता. रस्त्याने चालता चालता ती घासाघीस करत राहिली. घर येईपर्यंत तिने त्याला पार जेरीस आणलं. दारात मेहरुन्निसा कापसाचा ढीग पसरून बसली होती. रेवाबाईने ढिगात हात घालून कापूस चोळून पाहिला, नाक मुरडलं, आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, "एक सांगी ठेवस. दुपारले मी निजसू. कोनी माले उठाडानं नही."

"हाई माले नको सांगू," कय्युम म्हणाला. "तिले इचार."

मेहरुन्निसाने सुई थांबवून दोघांकडे पाहिलं आणि रेवाबाईला आत यायला जागा करून दिली.